उत्पन्नाचा दाखला ही साक्ष आहे



दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरातील सेतू केंद्रांपुढे पालकांच्या रांगा लागतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येथे शिकायला येणारी आणि येथून पुण्या-मुंबईस जाणारी मुले-मुली, बहुतेकांना एकच कागद हवा असतो: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, निर्वाह भत्ता यांची दारे बहुधा त्यानेच उघडतात. आपण त्याला शासकीय सोपस्कार समजतो. शरीअतच्या दृष्टीने तो काय आहे, हे समजून घेऊ या.

परगावच्या विद्यार्थ्याचा हक्क

मदीनेच्या मशिदीत सुफ्फा नावाचा चौथरा होता. ज्यांना घर नव्हते असे सहाबा तेथे राहत व प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून दीन शिकत. यमनच्या दौस कबिल्यातून आलेले हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. या मंडळींचा निर्वाह समाजावर सोपवलेला होता. ज्याच्या घरी दोघांपुरते जेवण असेल त्याने तिसरा माणूस सुफ्फामधून न्यावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण सहीह बुखारीत आली आहे. परगावी शिकणाऱ्याच्या दोन घासांची सोय ही उम्मतची जबाबदारी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

सूरह अल-बकराच्या २७३ व्या आयतीत अशाच गरजवंतांचे वर्णन आहे. ते अल्लाहच्या मार्गात गुंतल्यामुळे कमाईसाठी हिंडू-फिरू शकत नाहीत. त्यांच्या संकोची वागण्यामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो, आणि ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांना ओळखण्याचे काम या आयतीने देणाऱ्यावर टाकले आहे.

तीन साक्षीदारांची हदीस

ओळखायचे कसे? हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, मागणे तिघांनाच वैध आहे: दुसऱ्यासाठी देण्याचा भार अंगावर घेतलेला, आपत्तीत मालमत्ता गमावलेला आणि उपासमारीत सापडलेला. या तिसऱ्याविषयी मात्र त्याच्या लोकांतील तीन समंजस माणसांनी साक्ष द्यावी.

वाचकहो, येथे थोडे थांबा. गरज पारखून घेण्याची आणि त्यासाठी साक्ष मागण्याची रीत आपल्या दीनमध्ये चौदाशे वर्षांपासून आहे. आज पालकाचे स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदारांची सही मिळून तेच काम करतात. म्हणून उत्पन्नाचा दाखला ही साक्ष आहे. आणि सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीचा आदेश असा की, साक्ष अल्लाहसाठी द्यावी, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. माणूस श्रीमंत असो की गरीब.

दोन चुका

आपल्या शहरात यंत्रमागावर राबणारे आणि घरी विड्या वळणारे हजारो लोक आहेत. त्यांची मजुरी कामाच्या मोजणीवर ठरते. अनेकांना पगाराची पावतीच नसते. दुसरीकडे चांगल्या चालणाऱ्या दुकानाची कमाईही कागदावर येतेच असे नाही. दोघांच्या हाती सारख्याच आकड्याचा दाखला पडू शकतो. दुकानदार बांधवाने मनाशी विचार करावा: वसतिगृहातील जागा मोजक्या असतात. आपण आकडा उतरवून घेतलेली जागा बहुधा एखाद्या विडी कामगाराच्या मुलीची असते. हा हुकूक-उल-इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे; तो केवळ तौबा करून सुटत नाही. खोट्या दाखल्यावर मिळालेली रक्कम परत करावी. ती परत करण्याचा मार्गच उरला नसेल, तर सवाबची अपेक्षा न ठेवता तेवढी रक्कम गरजूला द्यावी.

दुसरी चूक याच्या उलट आहे. खरा गरजवंत बाप लोकलाजेने अर्जच करत नाही. शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे. केंद्र शासनाच्या अल्पसंख्याकांसाठीच्या मेरिट-कम-मीन्स योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. घरून ये-जा करणाऱ्यास महिना ५०० रुपये, तर वसतिगृहात राहणाऱ्यास १,००० रुपये निर्वाह भत्ता ठरवलेला होता. परगावी राहण्याचा खर्च दुप्पट धरणारी ही व्यवस्था गरजूंसाठीच केलेली होती. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाचीही शिष्यवृत्ती आहे. खरे सांगून हक्काचे घेण्यात कमीपणा नाही.

जकातविषयक काही मसाइल

हनफी फिकहनुसार सज्ञान विद्यार्थ्याची पात्रता त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवरून ठरते. मूलभूत गरजा व कर्ज वजा जाता त्याच्याकडे निसाबइतकी (६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी) संपत्ती नसेल आणि तो सय्यद घराण्यातील नसेल, तर त्याला जकात देता येते. अज्ञान मुलाची पात्रता मात्र बापाच्या संपत्तीवरून पाहिली जाते. जकातची रक्कम विद्यार्थ्याच्या मालकीची करून देणे आवश्यक आहे. त्यातून तो मेसचे व खोलीचे पैसे भरेल. वसतिगृहाची इमारत बांधायची असेल, तर सदका व देणग्यांचा पैसा वापरावा.

आपल्या मोहल्ल्याचे कर्तव्य

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगची सोय केली. आपली प्रजा शिकावी म्हणून एका राजाने हे केले. आपण निदान एवढे करू शकतो: प्रत्येक मशिदीतील तीन समंजस माणसांनी रमजानपूर्वी मोहल्ल्यातील परगावी शिकणाऱ्या मुला-मुलींची गरज शांतपणे जाणून घ्यावी. पावती नसलेल्या मजुरास अर्ज भरण्यास मदत करावी. नावे जाहीर करू नयेत, धनादेश देताना फोटो काढू नयेत. आणि कोणी आकडा उतरवून मागितला, तर तो ओळखीचा असला तरी साक्ष देऊ नये.

अल्लाह आपणा सर्वांना खरी साक्ष देण्याची आणि हक्कदाराचा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.