उजवा हात, डावा हात

परंडा तालुक्यात रब्बीची ज्वारी काढणीस आली, की शेतकरी ताटे दोन्ही मुठींत धरून मुळासकट उपटतात. लोहाराच्या भात्यापाशी मात्र निराळा प्रकार दिसतो. त्याचा डावा हात सांडशीने तापलेले लोखंड धरून ठेवतो आणि उजवा हात हातोडा चालवितो. आपल्या पुष्कळशा कामांतही एक हात पुढाकार घेतो व दुसरा त्याला साहाय्य करतो. पुढाकार घेणारा तो आपला प्रमुख हात. दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांचा उजवा हात प्रमुख असतो; उरलेला एखादा डावखुरा असतो.

प्रमुख हात दुसऱ्याहून बळकट असतो काय? मुलांनो, एक मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने तिच्या कोपराखालचा भाग चाचपून पाहा. तो टणक झालेला लागेल. बोटे मिटविणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर व मनगट यांच्यामधील भागात, म्हणजे अग्रबाहूत, असतात. तेथून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. सूत्रधाराने दोरी ओढली की कळसूत्री बाहुली हात हलविते; तसेच हे स्नायू आखडले की बोटे मिटतात.

स्नायूंना वारंवार जड काम पडले, तर ते हळूहळू जाड व बळकट होतात. रॉड लेव्हर हे ऑस्ट्रेलियाचे विख्यात टेनिसपटू डावखुरे होते. वर्षानुवर्षे रॅकेट पेलून त्यांचा डावा अग्रबाहू उजव्याहून ठळकपणे मोठा झाला होता.

मुठीचे बळ मोजण्याचे एक यंत्र असते. त्याची मूठ आवळली, की किती जोर लागला हे काटा दाखवितो. अशा मोजमापांत आढळले आहे, की उजव्या माणसांच्या उजव्या हाताची पकड डाव्यापेक्षा सरासरीने सुमारे एक दशांश अधिक असते. डावखुऱ्यांच्या दोन्ही हातांच्या बळात मात्र फारच थोडा फरक असतो. असे का व्हावे? कात्री, यंत्रे आणि पुष्कळशी हत्यारे उजव्या हाताच्या सोयीने घडविलेली असतात. त्यामुळे डावखुऱ्याचा उजवा हातही सतत राबत राहतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

परंतु केवळ जाडीवरून बळ ठरत नाही. स्नायूंना आज्ञा देतो तो मेंदू. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याची शक्ती पहिल्या काही आठवड्यांत वाढते, तेव्हा स्नायू फारसे जाड झालेले नसतात. आज्ञा अधिक चांगल्या रीतीने पोचू लागलेल्या असतात. म्हणूनच एका हाताला व्यायाम दिला, तर स्वस्थ राहिलेल्या दुसऱ्या हाताचे बळही थोडेसे वाढते. एक हात मोडून प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला ही गोष्ट उपकारक ठरते.

सवयीने दुसरा हातही पुष्कळ शिकतो. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जाताना महात्मा गांधींनी जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ हा ग्रंथ लिहिला. उजवा हात थकला, की ते डाव्या हाताने लिहीत. २७५ पृष्ठांपैकी सुमारे ४० पृष्ठे त्यांनी अशा रीतीने लिहिली.

पण आपण होऊन शिकणे निराळे आणि दुसऱ्याने बळजबरी करणे निराळे. डावखुऱ्या मुलाच्या हातातील लेखणी हिसकावून ती उजव्या हातात कोंबणे, किंवा त्याला हिणविणे, हा अन्याय होय. प्रमुख हात कोणता हे मूल हट्टाने ठरवीत नाही. पाळवणकर बाळू डाव्या हाताने गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कोणी तो हात आवरून धरला असता, तर केवढी हानी झाली असती!

तेव्हा आपल्या वर्गात कोणी डावखुरा असेल, तर त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसू द्या, म्हणजे शेजाऱ्याचे कोपर त्याला लागणार नाही. आणि तुमचा प्रमुख हात कोणताही असो, दुसऱ्यालाही काम द्या. हात दोन आहेत. दोघांनाही राबू द्यावे.

स्वाध्याय
१. बोटे मिटविणारे मोठे स्नायू कोठे असतात?
२. डावखुऱ्यांच्या दोन्ही हातांचे बळ जवळजवळ सारखे का असते?
३. शिंप्याच्या फितीने आपल्या दोन्ही अग्रबाहूंचा सर्वांत जाड भागी घेर मोजा व वहीत नोंदवा. वर्गातील उजव्या व डावखुऱ्या मुलांच्या नोंदी ताडून पाहा.