गाव दुभंगलेलं असताना

प्रश्न : २०२४ च्या विधानसभेला आमच्या घाटनांदुरात (जि. बीड) मतदान यंत्रं फोडली गेली. मराठा-ओबीसी ताणही आहेच. आम्ही मूठभर ख्रिस्ती गप्पच बसावं का?

उत्तर : गप्प बसू नका, पण कुणाचा झेंडाही धरू नका. येशूच्या बारा शिष्यांत रोमच्या मांडलिक राजवटीसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि ज्याचं नाव रोमविरोधी कडव्यांशी जोडलं जातं तो शिमोन जिलोतही; दोघे एकाच पंगतीला बसत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मला ही वाट फार मोलाची वाटते. दोन्ही बाजूंच्या मयतीला, आजारपणाला जा. फोनवर आलेला चिथावणीचा मजकूर पुढे पाठवू नका. मारहाण झाली तर, मारणारा कुठल्याही जातीचा असो, मार खाल्लेल्यासोबत ठाण्यात जा. आणि त्याआधी आपल्याच मंडळीत सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जाते का, हे रविवारच्या उपासनेनंतर उघड बोला.