उघड्यावर आणलेले तेल

पोलादपूर सोडल्यावर आंबेनळी घाटाची चढण सुरू होते आणि समुद्रसपाटीपासून फारसा उंच नसलेला रस्ता सुमारे ४० किलोमीटरांत महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरांच्या पठारावर जाऊन पोहोचतो. अलिबागच्या सखल किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि टर्बो असलेली दोन लिटरची पेट्रोल गाडी हौसेने बाळगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या घाटाचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. एका मे महिन्यात तो घाट वेगाने चढत असताना इंजिन ऑइलच्या तापमापकाचा आकडा १२४ अंशांवर गेलेला मी पाहिला आणि त्या एका आकड्याच्या धास्तीने, अन्य कोणतीही चौकशी न करता, बाहेरून ऑइल कूलर बसवून घेण्याची तजवीज केली.

चौकशी केली असती, तर उत्तम प्रतीचे सिंथेटिक ऑइल इतका ताप काही काळ निर्धास्तपणे सोसते, हे मला तेव्हाच कळले असते. माझ्या गाडीच्या इंजिनाला कारखान्यातूनच रेडिएटरच्या पाण्यावर चालणारा एक लहान कूलर जोडलेला आहे. तो चढण संपताच तेलाचा ताप उतरवतो, इतकेच नव्हे तर पहाटेच्या गार तेलाला त्याच पाण्याची ऊब देऊन ते लवकर कामास लावतो. पठारावर पोहोचल्यावर आकडा थोड्याच वेळात १०५ वर आला होता. मी तो पाहिला होता, त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

नवा कूलर पंचवीस ओळींच्या जाळीचा, म्हणजे गरजेहून कितीतरी मोठा, आणि ऑइल फिल्टरपाशी बसून तेल त्याच्याकडे वळवणारी त्याची सँडविच प्लेट थर्मोस्टॅटविरहित, म्हणजे गार तेलही कूलरमधूनच फिरवणारी. जुलैच्या पावसात अलिबाग–रेवदंडा एवढ्याशा अंतरात तेल ७० अंशांच्या वर जाईना. इंजिनात जमणारी पाण्याची वाफ आणि तेलात उतरणारा पेट्रोलचा अंश उडून जाण्यासाठी तेल अधूनमधून १०० अंशांच्या आसपास पोहोचावे लागते. ते न झाल्यामुळे झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट साका धरू लागला, आणि हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात मिसळत असावे अशा समजुतीने मी आठ दिवस अकारण चिंतेत घालविले.

त्याच सुमारास आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातील एका वयोवृद्ध नाखव्यांनी बंपरच्या जाळीतून आत डोकावून मला विचारले, "दादा, आमच्या बोटीच्या कूलरात आम्ही जस्ताचा तुकडा घालतो, खारं पाणी आधी जस्त खातं म्हणून कूलर वाचतो, तुमच्या या जाळीला कोण राखतंय?" जस्ताचा तो उपाय पाण्यात बुडालेल्या धातूलाच लागू पडतो, हे खरे, परंतु त्यांच्या प्रश्नामुळेच मी वाकून पाहिले, तेव्हा स्टीलचे बोल्ट जेथे ॲल्युमिनियमला टेकले होते तेथे पांढरी भुकटी सुटलेली आढळली. काशीद-मुरूडच्या खाऱ्या हवेतील रस्त्याने गाडी नेणाऱ्याने स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबरी वा नायलॉनचे वॉशर घालावेत आणि घरी परतल्यावर जाळी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावी.

इतके होऊनही मी तो कूलर काढला नाही, आणि याचा मला आजही खेद वाटतो. पुढच्या हिवाळ्यात, प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडील एका वळणावर, बंपरमागील लोखंडी पट्टीच्या धारेवर महिनोन्‌महिने घासत आलेला कूलरचा होज फाटला. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागताच मी इंजिन बंद केले, त्यामुळे ते वाचले. परंतु वळणाच्या ऐन पोटात तेलाचा काळा पट्टा पसरला होता, आणि मागून आलेल्या मोटरसायकलवरील दोन तरुणांचे मागील चाक त्यावरून सरकले. त्यांनी पाय टेकून तोल सावरला. रस्त्याकडेची माती ओंजळीओंजळीने त्या पट्ट्यावर टाकीत आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हाताने इशारा देत मी तेथे दोन तास उभा होतो. कारखान्याने धातूच्या भिंतीआड, आखूड मार्गांत बंदिस्त ठेवलेले तेल मी रबरी नळ्यांतून उघड्यावर आणले होते, आणि त्याचा धोका माझ्यापेक्षा माझ्या मागून येणाऱ्यांना अधिक होता, ही जाणीव मला त्या दोन तासांत झाली.

म्हणून ज्यांना कूलर बसवावयाचा असेल, त्यांनी प्रथम निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा तापमानाची नोंद ठेवावी. कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ठिकाणी फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्याचे तेल १३० च्या वर जाऊन तेथेच टिकून राहत असेल, तर कूलर रास्त आहे. घाटातील दहा मिनिटांसाठी तो नाही. बसवावयाचाच, तर ८० अंशांच्या आसपास उघडणाऱ्या थर्मोस्टॅटसह आणि लहान आकाराचा बसवावा. एसीच्या कंडेन्सरची हवा अडू देऊ नये. नळ्यांची तोंडे वर ठेवावीत म्हणजे हवा कोंडत नाही. मेस्त्री काम संपवून हात पुसू लागले, की त्यांना थांबवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावयास सांगावे आणि होज कोठे टेकतो ते स्वतः बॅटरीच्या उजेडात पाहावे. जाळी व नळ्या भरण्यास तेल अधिक लागते आणि त्या भरेपर्यंत इंजिनाला तेलाचा दाब मिळत नाही. म्हणून गाडीतील इंधनपंपाचा फ्यूज काढून दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा, मगच इंजिन सुरू करावे, आणि नंतर तेलाची पट्टी पुन्हा तपासावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर या बदलाविषयी कंपनीचे व विमावाल्यांचे म्हणणे आधी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

माझा कूलर मी उतरविला. मागील मे महिन्यात त्याच घाटात आकडा पुन्हा १२२ वर गेला आणि वेण्णा तलावापर्यंत पोहोचेतो १०३ वर उतरला.