आधी आवाज ऐक, मग खर्चाचं बोल

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून तुझी गाडीच डोक्यात आहे. कधी एका किल्लीत चालू, तर कधी ढिम्म. नवी बॅटरी टाकून झाली तरी तेच. आता मेस्त्री म्हणतोय स्टार्टर बदला, आणि तू पैशांची जुळवाजुळव करायला लागलीस. थांब जरा. पैसे राहू दे पर्समध्ये आणि माझं ऐक.

मी तुला एकच विचारलं होतं, की किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? तू म्हणालीस, "आवाज कसला, चालूच होत नाही." सगळं घोडं इथंच पेंड खातंय. गाडी चालू न होण्याच्याही तऱ्हा असतात आणि प्रत्येक तऱ्हेचं दुखणं वेगळं. गॅरेजमध्ये जाऊन "चालू होत नाही" एवढंच सांगितलं, तर समोरचा माणूस अंदाजानंच सुरुवात करणार. आणि गाडी नेमकी त्याच्या दारात पहिल्या किल्लीला चालू होते, मग त्याच्यापुढंही दुसरा इलाज नसतो. अंदाजाचे पैसे मात्र तुझे जातात.

म्हणून पुढच्या वेळी अडली की घाबरू नकोस, लगेच दहादा सेल्फही मारू नकोस. काच वर कर, पंखा आणि गाणी बंद कर आणि एकदाच किल्ली फिरव. टिकटिकटिकटिक अशी भराभर टिकटिक आली, तर करंट कमी पडतोय. बॅटरी उतरलीय नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं आहे. एकच 'टक' आला आणि पुढं शांतता असेल, तर स्टार्टरपर्यंत हुकूम पोचला, पण त्याची मोटर फिरली नाही. अजिबात काहीच आवाज नाही, समोरचे दिवे मात्र लख्ख, असं असेल तर रिले, किल्लीचा स्विच किंवा क्लचखालचा स्विच बघायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. आणि सेल्फ नेहमीसारखा घरघर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही निर्दोष. मग पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. जमलं तर आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढ्यावरून अर्धं काम ओळखतो.

आवाजाबरोबर छतातला दिवा बघायचा. हेडलाइट नको, काही गाड्यांत सेल्फ मारताना ते आपोआप बंद होतात. आतला दिवा लाव आणि किल्ली फिरव. दिवा विझल्यागत झाला तर दोष बॅटरीकडं किंवा तिच्या टर्मिनलांकडं. दिवा होता तसाच राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर करंट पुढं कुठंतरी अडलाय.

"लाइट लागतात म्हणजे बॅटरी ठणठणीत" असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते सोडून दे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण पाच अँपिअर खातो. लहान गाडीच्या सेल्फलासुद्धा शंभर-दीडशे अँपिअर लागतात, तेही क्षणात. ढिल्या, गंजलेल्या टर्मिनलातून पाच सहज जातात, दीडशे जात नाहीत. आणि असा सांधा धड तुटलेला नसतो नि धड जुळलेलाही नसतो. खड्ड्यात गाडी आदळली की जरा सरकतो, ऊन लागलं की पसरतो, गार झाला की पुन्हा टेकतो. गाडी कधी चालू आणि कधी बंद, याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे. बिलात ते कधी दिसत नाही, कारण आवळून द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तेव्हा आधी तेच बघ. सकाळी, इंजिन गार असताना. ओढणी खांद्यावरून काढून ठेव, आणि हातातल्या बांगड्या, अंगठी, सगळं उतरव. ही गोष्ट मी तुला बजावून सांगते. पाना किंवा बांगडी एका बाजूनं बॅटरीच्या प्लसला आणि दुसऱ्या बाजूनं गाडीच्या पत्र्याला लागली, तर ती क्षणात लालबुंद तापते आणि हात भाजतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघड आणि टर्मिनल हातानं हलवून बघ. हातानं फिरलं म्हणजे ढिलं. त्यावर पांढरी-निळसर भुकटी साचलेली असेल, तर बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्यानं आधी मायनस काढ, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशनं घास. बुडबुडे येत भुकटी सुटते, खालून शिशाचा करडा, स्वच्छ रंग दिसायला लागतो. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नकोस. पुसून, कोरडं करून, आवळून वरून व्हॅसलीनचा हात फिरव. एक मात्र आधी ठरव: गाडी स्कॅनरला लावायची असेल तर त्याच्या आधी बॅटरी काढायची नाही. पुष्कळ गाड्यांत आत नोंदलेले फॉल्ट कोड त्यानं पुसले जातात, आणि तुझ्यासारख्या लपाछपीच्या दुखण्यात तोच एक साक्षीदार असतो.

मायनसची जाड तार पुढं कुठं जाते तेही बघ. एक टोक बॉडीला, एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. तिला अर्थिंग म्हणतात. तिथला बोल्ट मातीनं, गंजानं माखला की नवी बॅटरीसुद्धा हात टेकते. तुझ्याकडं नवी बॅटरी असून दुखणं तसंच आहे, म्हणून माझा पहिला संशय या तारेवर आहे.

बॅटरीचं पण सांगून ठेवते. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी. उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर झिजतात. पण ती उन्हाळ्यात रडत नाही, कारण तापलेलं इंजिन हलकं फिरतं. ती हात वर करते माळेगावची यात्रा भरते त्या दिवसांत, पहाटेच्या गारठ्यात. उन्हाळ्यात झालेलं नुकसान थंडीत दिसतं, म्हणून लोकांना वाटतं थंडीनं बॅटरी गेली.

शिवाय तुझं आठवडाभराचं फिरणं किती? घर, शाळा, बाजार, सगळं लोह्यातल्या लोह्यात. एका सेल्फला बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं भरून यायला काही किलोमीटर गाडी नीट पळावी लागते. नांदेडला जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात तेव्हा पोट भरतं, बाकी दिवस ती उपाशी. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर रात्रभर करंट ओढत असेल तर नवी बॅटरीही बसते.

हे मोजता येतं. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान दिसले तर चार्जिंग ठीक, तेरालाच घुटमळत असेल तर अल्टरनेटर बघायचा. कुणाला तरी सेल्फ मारायला लाव आणि तेव्हाच बघ, आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळायला नको. अर्थिंग तपासायचं तर मीटरची एक सुई मायनसच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकव आणि सेल्फ मारायला सांग. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तार किंवा बोल्ट दोषी.

आता तू सहज बोलून गेलेली एक गोष्ट. भर दुपारी नांदेडहून आलीस, दुकानासमोर पाच मिनिटं थांबलीस आणि गाडी अडली. पंधरा-वीस मिनिटांनी काही न करता चालू झाली. तुला ती योगायोगाची वाटली, मला सगळ्यात मोलाची वाटते. गरम असतानाच अडणं आणि गार झाल्यावर सुटणं याचे मुख्य संशयित दोन. एक, स्टार्टरचा सोलेनॉइड: तापला की त्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो आणि जोर कमी पडतो. दुसरा, क्रँकचा सेन्सर. इंजिन फिरतंय हे तो गाडीच्या संगणकाला कळवतो, तापल्यावर मुका झाला की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. दोघांत फरक करणारा तोच आवाज. 'टक' होऊन शांतता असेल तर स्टार्टरकडं, आणि त्यातही आधी अर्थिंगकडं. सेल्फ जोरात फिरून इंजिन पकडत नसेल तर सेन्सरकडं. मग स्टार्टर बदलून एक पैचा उपयोग नाही. म्हणून तर म्हणते, आवाज ऐकल्याशिवाय स्टार्टरला हो म्हणू नकोस.

गाडी सीएनजीवर आहे म्हणून अजून एक. गॅसची गाडीसुद्धा बहुतेक वेळा चालू पेट्रोलवरच होते, मग गॅसवर जाते. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि त्याला गारवा पेट्रोलचाच. गॅस स्वस्त म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली की पंप तापून मरतो. सेल्फ न मारता किल्ली नुसती 'ऑन'वर नेलीस की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक 'झीं' ऐकू यायला हवं. येत नसेल तर वहीत लिही. टाकीत नेहमी चतुर्थांश तरी पेट्रोल असू दे.

वही, हो. डिकीत एक छोटी वही ठेव. अडली की वेळ, ऊन की गारवा, त्याआधी किती चालली होती, आवाज, छतातला दिवा, पेट्रोल किती, एवढंच. काही नोंदी झाल्या की त्यातून वळण दिसतं. मेस्त्रीसमोर ती वही उघड. बाईमाणूस म्हणून तुला उडवून लावायला बघणारेही भेटतील, पण "गरम असताना, एकच टक, दिवा मंद होत नाही" असं सांगितलंस की बोलणं बदलतं. शंका वाटली तर गाडी एक रात्र त्याच्याकडं सोड, सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू दे. पार्ट बदलला तर जुना मागून घे आणि काय मोजून बदलला ते विचार. विचारण्यात गैर काही नाही.

पूर्वी गाड्या समोरून हँडल मारून चालू करायच्या. ते हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. विजेचा स्टार्टर चार्ल्स केटरिंगनं बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. ज्यांच्या अंगात हँडल मारायची ताकद नव्हती, त्यांच्यासाठी स्टिअरिंग मोकळं झालं, आणि त्यात बायका पुष्कळ होत्या. तू एकटी गाडी घेऊन लातूर रस्त्याला लागतेस याचा मला फार अभिमान आहे. तुझं ते फिरणं एका ढिल्या बोल्टापायी थांबू नये, एवढ्यासाठी हे सगळं.

रात्री रस्त्यात अडलीस तर आधी गाडी कडेला, चारही दिवे लुकलुकते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि अडचण वाटली तर 112, दोन्ही नंबर फोनमध्ये आजच साठव. जंपर केबल लावायची वेळ आली तर लाल केबल प्लस ते प्लस. काळीचं शेवटचं टोक तुझ्या बॅटरीवर नको, इंजिनच्या धातूला लाव. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो.

रविवारी नांदेडला येशील तेव्हा दुपारीच ये, गाडी तापलेली हवी. मीटर माझ्याकडं आहे, दोघी मिळून अर्थिंग मोजू. तोवर स्टार्टरसाठी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस.