थिबाच्या कुटुंबाचे 'भाषांतर' : रत्नागिरीतील तीन पिढ्या

परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाशी कोणी अनोळखी मनुष्य त्याच्या मातृभाषेत दोन शब्द बोलू लागला की त्याला आनंद होतो, असे सर्रास गृहीत धरले जाते. ऐकणाऱ्याचे त्या भाषेशी असलेले नाते येथे स्थिर मानलेले असते. प्रत्यक्षात ते तसे नसते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्या कुटुंबाचे रत्नागिरीतील वास्तव्य ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडल्यावर राजपरिवाराला प्रथम मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. डिसेंबर १९१६ मधील मृत्यूपर्यंत राजा येथेच नजरकैदेत होता. ब्रह्मी भाषेत राजा व भिक्षू यांच्याशी बोलताना शब्दच बदलतात. मराठीतील 'तू-तुम्ही-आपण' ही श्रेणी त्या मानाने मोकळीढाकळी म्हटली पाहिजे. एखाद्या परक्याने बाजारातली ब्रह्मी शिकून थिबाचे कुशल विचारले असते, तर शब्द ओळखीचे आणि पायरी मात्र हरवलेली, असा तो अनुभव ठरला असता. सदिच्छा आणि अवमान एकाच वाक्यात वस्तीला येऊ शकतात, आणि हद्दपार माणसाच्या कानाला दोन्ही एकदम ऐकू येतात.

राजकन्यांची स्थिती निराळी होती. सर्वांत धाकटी तर १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) मध्ये राजकन्या मराठी सहज बोलू लागल्याचे चित्रण आहे. कादंबरी हा पुरावा नव्हे. पण पुढील घटना तिच्या विरुद्ध जात नाहीत. थोरल्या राजकन्येला राजवाड्यावरील दरवान गोपाळ सावंत यांच्यापासून टूटू ही मुलगी झाली. १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतले. थोरली मात्र मुलीसह पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. टूटूंचा संसार येथेच झाला, मराठीत झाला.

येथे मूळ प्रश्न उलटा होतो. आईची ती मातृभाषा, हा व्युत्पत्तीचा अर्थ धरला तर टूटूंची मातृभाषा ब्रह्मी. आयुष्याचा हिशेब धरला तर मराठी. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले, थिबाच्या समाधीवर गेले, वंशजांना भेटले. ह्या वंशजांची भाषा मराठी. अशा भेटीत पाहुणा ब्रह्मीत बोलू लागला, तर ऐकणाऱ्याला आपलेपणापेक्षा ओशाळलेपण अधिक वाटण्याचा संभव असतो. न घेतलेल्या कर्जाची कोणी आठवण द्यावी, तसे. ज्यांचे पूर्वज कोकणातून गेले आणि ज्यांच्या घरात आता बहुधा क्रिओल बोलली जाते, त्या मॉरिशसच्या मराठी मंडळींशी महाराष्ट्रातला पाहुणा कौतुकाने मराठीत बोलू लागतो, तेव्हाही हाच पेच उभा राहतो. मात्र तेथे पाहुणे आपण असल्यामुळे तो आपल्या लक्षात येत नाही.

रत्नागिरीकरांनी ब्रह्मी बोलण्याचा जो प्रयत्न केला, तो मुख्यतः एका नावापुरता राहिला. मूळ नावातील पहिले घर्षक व्यंजन मराठीत नाही, म्हणून त्याचा 'थ' झाला. अखेरच्या 'ऑ'चा 'आ' झाला. थिबा पॅलेस, थिबा पॉइंट ह्या पत्त्यांतून ते नाव रोज उच्चारले जाते, आणि राजाच्या रत्नागिरीकर वंशजांच्या तोंडीही ते बहुधा ह्याच रूपात येत असावे.