मारियाबाईंचा कांदा

मारिया गोपर्ट १९०६ साली जन्मली. जर्मनीतल्या गॉटिंगेन गावी वाढली. वडील लहान मुलांचे डॉक्टर. पोरीने नुसते घर धरून बसू नये, असे त्यांना वाटे.

मारियाने पदार्थविज्ञान घेतले. या विद्येत दोन वाटा आहेत. एक प्रयोग करून पाहण्याची. दुसरी कागदावर हिशेब मांडून सृष्टीचा नियम शोधण्याची. तिने दुसरी धरली. १९३० साली तिला विद्यापीठाची सर्वांत मोठी पदवी मिळाली.

त्याच साली तिने जोसेफ मायर या अमेरिकन शास्त्रज्ञाशी लग्न केले. दोघे अमेरिकेला गेले. आता पुढचे नीट वाचा. बाल्टिमोरच्या विद्यापीठाने नवऱ्याला नोकरी दिली, बाईला नाही. नवरा-बायको दोघांना एकाच ठिकाणी पगार द्यायचा नाही, असा तेव्हा रिवाज होता. मग कोणाचा पगार बुडणार? जर्मन पत्रे लिहून देण्याचे थोडे पैसे मारियाबाईंना मिळत. बाकी शिकवणे, संशोधन सारे फुकट! शेतात राबून सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे आम्ही काय समजावून सांगावे?

१९४६ साली त्या शिकागोला गेल्या. विद्यापीठात मान प्राध्यापकाचा, पगार नाही. जवळच्या अणुप्रयोगशाळेत मात्र अर्ध्या वेळेची पगारी नोकरी मिळाली. तिथे त्यांना एक कोडे पडले.

अणूच्या पोटात गाभा असतो. गाभ्यात दोन जातींचे बारीक कण असतात. एखाद्या जातीचे कण २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ झाले, की गाभा फार पक्का होतो. कल्हईच्या कथलात एका जातीचे कण ५०, शिशात ८२. पण हेच आकडे का?

एकदा फर्मी या थोर शास्त्रज्ञाशी बोलणे चालले होते. फर्मींनी जाता जाता विचारले, कण गाभ्यात फिरतो आणि स्वतःभोवतीही गिरकी घेतो. या दोहोंचा काही मेळ दिसतो का? बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिंगण धरून नाचताना रिंगणाच्याच दिशेने गिरकी घेणे सोपे, उलटी घेणे जड. कणांचेही तसेच! त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांचे थर बनतात. थर भरला की गाभा पक्का. सगळे आकडे जुळले. हे १९४९ साली छापून आले.

जर्मनीत येन्सेन यांनाही हेच सुचले होते. दोघे भांडले नाहीत. १९५५ साली त्यांनी मिळून ग्रंथ लिहिला.

पुऱ्या पगाराची प्राध्यापकी बाईंना १९६० साली सॅन डिएगोच्या विद्यापीठाने दिली. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञानात मेरी क्युरींनंतर ६० वर्षांनी एका बाईला ते मिळत होते. तिथल्या वर्तमानपत्राने मथळा छापला, ‘सॅन डिएगोच्या आईला नोबेल’. आई त्या होत्याच, दोन मुलांच्या. पण पुऱ्या पगाराचा प्राध्यापक हा शब्द मिळवायला त्यांना ३० वर्षे लागली होती. तो तेवढा छापायचा राहिला.