कूलरची टाकी, डास आणि विजेचा धक्का

होळी झाली की विदर्भातील घराघरांत कूलर बाहेर निघतो. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत पारा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वयस्कर मंडळी आणि आजारी माणूस यांच्यासाठी कूलर ही चैन राहिलेली नाही. उष्माघात टाळण्याचे ते एक स्वस्त आणि चांगले साधन आहे.

मात्र एकदा खिडकीत बसवला की कूलरकडे कोणी पाहत नाही. रोज पाणी भरायचे आणि बटण दाबायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. या दुर्लक्षातून दोन संकटे घरात येतात. एक म्हणजे डेंग्यूचा डास आणि दुसरे म्हणजे विजेचा धक्का. दोन्ही संकटे थोड्या काळजीने टाळता येतात.

हवा गार कशी होते?

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती आत येणाऱ्या हवेतून घेतली जाते. म्हणून बाहेरची ४२ अंशांची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येताना २८ ते ३० अंशांपर्यंत उतरू शकते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कूलरला सतत बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि खोलीतली दमट हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. सर्व दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर खोलीतला दमटपणा वाढतो, अंगावरचा घाम वाळत नाही, चिकचिक होते आणि भिंतींना बुरशी धरते. दमा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेल्यांना ही बुरशी बाधते. कूलर सुरू करताच कुबट किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर गवत खराब झाले आहे किंवा टाकीत शेवाळ धरले आहे असे समजावे. अत्तर किंवा फिनाईल टाकून वास दडपू नये. टाकी घासावी आणि गवत बदलावे. लाकडाच्या तुसाचे किंवा वाळ्याचे गवत दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे घालणे चांगले.

डासाचा आठवडा

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साचलेले पाणी आवडते. कूलरची टाकी सावलीत असते, पाणी शांत असते आणि जवळच माणसे असतात. त्याला याहून चांगली जागा कोणती? या डासाच्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या सुमारास. म्हणून फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. दुपारी पाळण्यात झोपलेल्या बाळालाही ती हवी.

अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उन्हाळ्याच्या दिवसांत साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, असे आरोग्य खाते का सांगते, याचे उत्तर या आकड्यात आहे. सात दिवसांच्या आत पाणी ओतून दिले, तर अळीचा डास होऊ शकत नाही.

पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणजे मागच्या वर्षी न घासता ठेवून दिलेल्या कूलरमध्ये यंदाचे डास वाट पाहत असू शकतात. पाणी आटले म्हणजे डास गेले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

आठवड्याची सफाई

कूलरच्या सफाईचा एक वार ठरवून टाकावा. गावचा आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा, कारण तो विसरत नाही. त्या दिवशी पुढील क्रमाने काम करावे.

१. बटण बंद करून प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.
२. टाकीतले सर्व पाणी काढावे. ते अंगणातल्या मातीवर ओतावे, नालीत साचू देऊ नये. मातीवर पडलेल्या अळ्या वाळून मरतात.
३. टाकीच्या चारही बाजू, कोपरे आणि पाण्याच्या रेषेवरची कड काथ्याने किंवा ब्रशने जोर लावून घासावी. अंडी तेथेच चिकटलेली असतात.
४. पंपाची जाळी आणि गवतावर पाणी सोडणाऱ्या नळीची छिद्रे साफ करावीत. बोअरचे पाणी जड असल्यास छिद्रांत पांढरा क्षार साठतो. तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो. मात्र लिंबू किंवा व्हिनेगर कधीही ब्लिचिंग पावडरसोबत वापरू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.
५. टाकी फडक्याने पुसून उन्हात कोरडी होऊ द्यावी आणि मगच ताजे पाणी भरावे.

या सर्व कामाला अर्धा तास लागतो. सुटीत गावाला जाताना टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करूनच कुलूप लावावे. बंद घरातला भरलेला कूलर साऱ्या शेजाराला डास पुरवतो.

धक्का का बसतो?

कूलर अंगावर येऊन, म्हणजे विजेचा धक्का लागून, माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. त्यामागचे कारण साधे आहे. कूलरचे अंग बहुधा पत्र्याचे असते, पंप पाण्यात बुडालेला असतो आणि खालची फरशी ओली असते. पंपाच्या वायरचे आवरण फाटले की वीज पत्र्यात उतरते. त्या पत्र्याला अनवाणी, ओल्या हाताने स्पर्श झाला की वीज अंगातून जमिनीत जाते. खेळताना कूलरला टेकणारी मुले याला लवकर बळी पडतात.

उपाय असे. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा आणि त्याची अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट जोडलेली हवी. भर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा जोर कमी होतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. वायरला उघडे जोड नकोत. पाणी भरताना प्लग काढलेला असावा आणि पायात कोरडी रबरी चप्पल असावी. घराच्या मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला, तर वीज गळताच पुरवठा क्षणात तुटतो. हा खर्च एकदाच होतो. हंगामाच्या सुरुवातीला एकदा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून कूलर तपासून घ्यावा.

कोणाला धक्का लागलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे. श्वास बंद असेल, तर छातीच्या मधोमध जोराने दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

ताप आला तर

अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणे आहेत. अशा तापात मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे आणि पाणी, ताक, सरबत भरपूर प्यावे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही रक्तचाचणी उपयोगी पडते. ताप उतरला म्हणजे धोका टळला असे समजू नये. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपण्याचे असतात. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यापूर्वी

आपल्या देशात १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस पाळतात. तो पावसाच्या तोंडावर ठेवला आहे, कारण डेंग्यूचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो, पण खिडकीत तसाच राहिलेल्या टाकीत पावसाचे पाणी साचते. म्हणून जूनमध्ये टाकी घासून, वाळवून, जुने गवत काढून, गंजलेल्या जागी रंग लावून कूलर छपराखाली झाकून ठेवावा.

ज्यांच्याकडे खिडकीचा एसी आहे, त्यांनीही निश्चिंत राहू नये. त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी आणि त्याचे ठिबकणारे पाणी ज्या बादलीत किंवा डब्यात पडते, तो डबा रोज ओतून द्यावा. डासाला पाणी हवे असते. ते कूलरमधले की एसीचे, हे तो पाहत नाही.